इंटरव्हल फोडल्यावर बेरीज का चुकते? इंटरव्हलट्री वापरताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. प्रोग्राम विनातक्रार चालतो, एकमेकांवर चढलेल्या वेळांचे तुकडे पडलेले दिसतात, पण शेवटचा हिशेब जुळत नाही. हजेरीचे तास कमी भरतात, एखाद्या बुकिंगचं भाडं तिप्पट लागतं, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये दोन माणसं एकाच वेळी बोलली ती जागाच सापडत नाही. एरर आली असती तर निदान शोध कुठून सुरू करायचा ते तरी कळलं असतं. इथे ती सोयही नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे. या तासांवर कुणाचा तरी पगार ठरत असतो.

इंटरव्हल म्हणजे सुरुवात आणि शेवट असलेला तुकडा, उदाहरणार्थ ९ ते १२ ही वेळ. पायथनमध्ये या कामासाठी 'इंटरव्हलट्री' नावाची लायब्ररी सर्रास वापरली जाते. असे अनेक इंटरव्हल ती एका 'ट्री'मध्ये ठेवते. तिच्यातलं 'स्प्लिट_ओव्हरलॅप्स' हे फंक्शन नेमकं आपल्याला हवं तेच करतं असं नावावरून वाटतं. ते अर्धं काम करतं. उरलेलं अर्धं आपल्याला करावं लागतं, आणि बहुतेक घोटाळे या उरलेल्या अर्ध्यातच होतात.

आधी एक छोटं उदाहरण हाताशी ठेवा

कुठलीही अडचण शोधायची तर खऱ्या डेटाच्या हजारो ओळींमध्ये शिरू नका. कागदावर सोडवता येईल एवढं उदाहरण घ्या. मी हे वापरतो: एका चर्चेच्या रेकॉर्डिंगमध्ये तीन वक्ते आहेत. अ हा ० ते १० सेकंद बोलतो, ब हा ६ ते १४, आणि क मध्येच ८ ते ९ एवढंच बोलतो.

सगळ्या सीमा क्रमाने मांडल्या तर ०, ६, ८, ९, १०, १४ अशा सहा येतात. त्यांच्या मधले खंड पाच:

० ते ६ : फक्त अ
६ ते ८ : अ आणि ब
८ ते ९ : अ, ब आणि क
९ ते १० : अ आणि ब
१० ते १४ : फक्त ब

आता बेरीज पाहा. मूळ लांबी १० अधिक ८ अधिक १, म्हणजे १९. फोडल्यावर प्रत्येक खंडाची लांबी गुणिले त्यातल्या माणसांची संख्या: ६, ४, ३, २, ४. बेरीज पुन्हा १९. ही बेरीज फोडण्याआधी आणि फोडल्यानंतर सारखीच यायला हवी, त्यात सूट नाही. खालच्या बहुतेक चुका या एका तपासणीत पकडल्या जातात. म्हणून ती टेस्टमध्ये ठेवा, आणि खऱ्या डेटावर प्रोग्राम चालेल तेव्हाही चालवा. दोन बेरजा मारायला वेळ लागत नाही.

'नन' हातात येतं

हे सगळ्यात सोपं, म्हणून पटकन उरकतो. स्प्लिट_ओव्हरलॅप्स नवीन ट्री परत देत नाही. आहे त्याच ट्रीमध्ये बदल करतं आणि परत काहीच देत नाही. त्याचा निकाल व्हेरिएबलमध्ये घेतला की त्यात 'नन' (पायथनमधलं 'काहीच नाही') येतं आणि पुढच्या ओळीला 'ननटाइप'ची एरर मिळते. मूळ डेटा पुढे लागणार असेल तर आधी ट्रीची कॉपी करा आणि ती कॉपी फोडा.

त्याच्याच शेजारची दोन दुखणी. ट्रीवरून लूप फिरवला तर तुकडे क्रमाने येतीलच असं नाही, कारण आत सेट आहे, म्हणजे क्रम नसलेला आणि हुबेहूब सारखी वस्तू एकदाच ठेवणारा संग्रह. छापण्याआधी सॉर्ट करा. आणि जुन्या लेखातला कोड उचलला असेल आणि त्यात 'सर्च' असेल, तर तो तिसऱ्या आवृत्तीपासून चालत नाही. त्याऐवजी 'अ‍ॅट', 'ओव्हरलॅप' आणि 'एन्व्हलप' ही तीन फंक्शनं आहेत.

फोडल्यावरही तुकडे एकमेकांवरच आहेत

वरचं उदाहरण ट्रीमध्ये घालून स्प्लिट_ओव्हरलॅप्स चालवा. पाच तुकडे येतील अशी आपली अपेक्षा असते. येतात नऊ. अ चे चार, ब चे चार आणि क चा एक. ८ ते ९ हा तुकडा तीनदा आहे, तिन्ही वेळा वेगळ्या नावाने.

हा बग नाही. प्रत्येक इंटरव्हल सगळ्या सीमांवर कापायचा एवढंच या फंक्शनचं काम आहे. त्यामुळे फोडल्यानंतर दोन तुकडे एकतर पूर्ण वेगळे असतात किंवा तंतोतंत एकाच जागेवर असतात. अर्धवट चढलेला एकही उरत नाही. एकाच जागेवरचे तुकडे गोळा करायला 'मर्ज_इक्वल्स' आहे. आधी स्प्लिट, मग मर्ज_इक्वल्स, ही जोडी कायमची लक्षात ठेवा.

इथे 'मर्ज_ओव्हरलॅप्स' वापरण्याची चूक फार होते, कारण नाव जवळचं आहे. त्याचं काम उलट आहे. ते एकमेकांवर चढलेल्या सगळ्यांना जोडून एकच लांब इंटरव्हल करतं. आपल्या उदाहरणात ० ते १४ असा एकच तुकडा उरेल आणि कोण कधी बोललं हे पुसलं जाईल. 'हॉल एकूण किती वेळ भरलेला होता?' या प्रश्नाला ते बरोबर उत्तर देतं. 'कोणत्या वेळी कोण होतं?' याला देत नाही.

मर्ज_इक्वल्सनंतर माहिती गायब, किंवा भलतीच

माहिती म्हणजे प्रत्येक इंटरव्हलला आपण चिकटवलेलं नाव किंवा क्रमांक. या फंक्शनला रिड्यूसर, म्हणजे दोन माहित्यांची एक कशी करायची ते सांगणारं फंक्शन, दिला नाही तर जुळलेल्या तुकड्यांची माहिती 'नन' होते. एकट्या तुकड्यांची माहिती मात्र तशीच राहते, म्हणून वरवर पाहताना सगळं ठीक वाटतं. नेमक्या आपल्याला हव्या असलेल्या, म्हणजे ओव्हरलॅपच्या जागाच कोऱ्या निघतात.

मग लोक रिड्यूसर म्हणून साधी बेरीज देतात. माहिती अक्षरात असेल तर 'अ' आणि 'ब' मिळून 'अब' होतं, चालून जातं. माहितीत ओळख क्रमांक असतील तर क्रमांक ४ आणि क्रमांक ७ यांची बेरीज होऊन ११ येतो. यादीत ११ क्रमांकाचा माणूस खरोखरच असेल तर त्याच्या नावावर दुसऱ्यांचे तास चढतात, आणि कुठेही एरर येत नाही. इथे लांबीच्या बेरजेसोबत माणसागणिक बेरीजही मारली तरच चूक दिसते: अ चे मूळ १० सेकंद, फोडल्यावर ज्या ज्या खंडात अ आहे त्यांची बेरीज ६ अधिक २ अधिक १ अधिक १, म्हणजे १०.

योग्य पद्धत अशी: सुरुवातीची किंमत म्हणून रिकामा सेट द्या, आणि रिड्यूसर असा लिहा की तो जुना सेट आणि नवा एक क्रमांक यांची युनियन करून (दोन्ही एकत्र करून) नवा सेट परत देईल. सुरुवातीच्या किमतीची लायब्ररी दरवेळी कॉपी करते, त्यामुळे एका खंडाचा सेट दुसऱ्यात मिसळत नाही. ही किंमत दिली नाही तर एकट्या तुकड्याची माहिती रिड्यूसरमधून जातच नाही. मग काही ठिकाणी सेट आणि काही ठिकाणी नुसता क्रमांक अशी खिचडी होते, आणि पुढचा कोड कधी चालतो, कधी पडतो.

अजून एक. रिड्यूसरच्या आत लिस्टचं 'अपेंड' किंवा सेटचं 'अ‍ॅड' लिहू नका. ती दोन्ही परत काहीच देत नाहीत, त्यामुळे माहितीच्या जागी पुन्हा 'नन'.

काही नोंदी शिरतानाच हरवतात

ट्री म्हणजे आतून सेट असल्यामुळे सुरुवात, शेवट आणि माहिती तिन्ही सारखं असलेल्या दोन नोंदी एकच धरल्या जातात. एकाच हॉलची ९ ते १२ अशी दोन बुकिंगं चुकून पडली आहेत आणि ती दुहेरी बुकिंगंच तुम्हाला शोधायची आहेत, अशी कल्पना करा. दोन्हींच्या माहितीत फक्त 'मोठा हॉल' लिहिलं असेल तर ट्रीमध्ये एकच शिरेल आणि दुहेरी बुकिंग कधीच सापडणार नाही. जे शोधायचं तेच आधी पुसलं गेलं.

माहिती अजिबात दिली नाही तर आणखी वाईट. आपल्या उदाहरणातले तीन इंटरव्हल नावांशिवाय घाला आणि फोडा. नऊऐवजी पाचच तुकडे येतात, कारण एकाच जागेवरचे तुकडे आता हुबेहूब सारखे झाले. पाहणाऱ्याला वाटतं, वा, मर्ज_इक्वल्सचीसुद्धा गरज पडली नाही. पण लांबीची बेरीज मारली तर १९ ऐवजी १४. एकाच वेळी किती जण होते ही माहिती गेली, आणि ती परत मिळवायचा मार्ग नाही.

उपाय: प्रत्येक नोंदीला स्वतःचा वेगळा क्रमांक, आणि माहिती म्हणून तेवढाच क्रमांक. नाव, रक्कम, शेरा हे सगळं बाहेर एका डिक्शनरीत त्या क्रमांकाखाली ठेवा. माझं या बाबतीत ठाम मत आहे. इंटरव्हलच्या आत जितकं कमी ठेवाल तितक्या कमी चुका होतील, आणि पुढच्या दोन अडचणी तर या एका सवयीने उद्भवतच नाहीत.

एक तुकडा बदलला, सगळे बदलले

माहिती म्हणून डिक्शनरी ठेवली असेल तर फोडल्यानंतरच्या सगळ्या तुकड्यांना तीच एक डिक्शनरी चिकटलेली असते. प्रत्येकाची वेगळी कॉपी होत नाही. एका तुकड्यावर 'तपासलं' अशी खूण केली की त्या मूळ इंटरव्हलच्या सगळ्या तुकड्यांवर ती उमटते. खुणा तुकड्याच्या नावाने ठेवायच्या असतील तर त्यासाठी वेगळी डिक्शनरी करा, जिची चावी सुरुवात, शेवट आणि क्रमांक मिळून बनेल.

रक्कम तिप्पट झाली

जनरेटरचं चार तासांचं भाडं १२०० रुपये. हा इंटरव्हल दुसऱ्या नोंदींमुळे तीन तुकड्यांत फुटला. प्रत्येक तुकड्यावर १२०० लिहिलेलं, बेरीज ३६००. लायब्ररीला दोष देता येणार नाही. तिच्या दृष्टीने १२०० ही नुसती चिकटवलेली चिठ्ठी आहे. ती वाटायची की जशीच्या तशी ठेवायची हे तिला कसं कळणार?

'चॉप' आणि 'स्लाइस' या इंटरव्हल कापणाऱ्या फंक्शनांना माहिती कशी विभागायची ते सांगणारं फंक्शन देता येतं. स्प्लिट_ओव्हरलॅप्सला ती सोय नाही. म्हणून तुकडे पाडताना रक्कम आत ठेवूच नका. फोडून झालं की क्रमांकावरून मूळ रक्कम आणि मूळ लांबी काढा आणि तुकड्याच्या लांबीच्या प्रमाणात वाटा. पैशांत वाटताना शेवटच्या तुकड्याला 'एकूण वजा आतापर्यंत वाटलेलं' द्या. १०० रुपये तीन सारख्या तासांवर ३३.३३ प्रमाणे वाटले तर ९९.९९ भरतात, शेवटच्याला ३३.३४ दिले की हिशेब पुरा.

आणि आधी हेही ठरवा की ही रक्कम वाटण्यासारखी आहे का. तासाचा दर वाटायचा नसतो, तो प्रत्येक तुकड्यावर तसाच राहतो. अनामत रक्कमही वाटायची नसते, ती बुकिंगची असते, वेळेची नव्हे.

'नल इंटरव्हल' चालत नाही अशी एरर

ही मात्र एरर देणारी अडचण, आणि तिचे आभारच मानले पाहिजेत. सुरुवात आणि शेवट सारखे असतील, किंवा शेवट आधी येत असेल, तर इंटरव्हलट्री व्हॅल्यूएरर देऊन नोंद नाकारते. घाईत लोक काय करतात, तर अशा नोंदी 'ट्राय'च्या (एरर झेलणाऱ्या कोडच्या) आत घालून गाळून टाकतात. तसं करू नका. प्रत्येक नाकारलेल्या नोंदीमागे बहुधा पुढच्या तीनपैकी एक कारण असतं.

पहिलं, एका दिवसाची रजा. एक्सेलच्या तक्त्यात '५ ऑगस्ट ते ५ ऑगस्ट' लिहिलेलं असतं आणि लिहिणाऱ्याच्या मनात पूर्ण एक दिवस असतो. आपण मराठीत '५ ते ९' म्हणतो तेव्हा ९ तारीख धरलेलीच असते. इंटरव्हलट्री मात्र शेवटची सीमा धरत नाही. तिच्या दृष्टीने ५ ते ९ म्हणजे ५, ६, ७, ८. एका दिवसाच्या रजेवर निदान एरर तरी येते. पाच दिवसांच्या रजेतला एक दिवस मात्र गुपचूप कापला जातो. शिवाय एकाची रजा ९ ला संपते आणि दुसऱ्याची ९ ला सुरू होते, तर त्या दिवशी दोघंही नाहीत हे कळतच नाही. म्हणून तारखा आत घेतानाच शेवटात एक दिवस मिळवा आणि बाहेर दाखवताना एक दिवस वजा करा. हे दोनच ठिकाणी करा, आत घेताना आणि बाहेर काढताना. मध्येच कुठेतरी अधिक एक, वजा एक सुरू झालं की मग कुणालाच काही उमगत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस स्वतः हेच करतो: त्याच्या डेटरेंज या तारखांच्या प्रकारात तुम्ही शेवटची तारीख धरून ५ ते ९ दिलंत तर तो आतून '५ पासून, १० च्या आधी' असं करून ठेवतो.

दुसरं, रात्रपाळी. रात्री १० ते सकाळी ६ हे फक्त तासांत लिहिलं तर २२ ते ६ होतं, आणि ६ हे २२ च्या आधी येतं. शेवट सुरुवातीपेक्षा मोठा नसेल तर त्यात २४ मिळवा, हा ठोकळ उपाय. त्याहून बरं म्हणजे नुसते तास न ठेवता तारखेसकट वेळ ठेवा. दिवसवार हजेरी हवी असेल तर फोडण्याआधी प्रत्येक मध्यरात्रीवर स्लाइस करून घ्या.

तिसरं कारण भारतात बसून दिसत नाही. आपल्याकडे यूटीसीपासून, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेपासून, वर्षभर साडेपाच तासांचाच फरक असतो, घड्याळ मागेपुढे होत नाही. पण तोच प्रोग्राम न्यू जर्सीतल्या ऑफिससाठी चालवला की वर्षातून एकदा गंमत होते. २ नोव्हेंबर २०२५ ला पहाटे दोन वाजता तिथली घड्याळं एक तास मागे गेली, म्हणजे एक ते दोन हा तास दोनदा आला. कुणी १ वाजून ४० मिनिटांनी काम सुरू केलं आणि ४० मिनिटांनी संपवलं, तर भिंतीवरच्या घड्याळात १ वाजून २० मिनिटं झालेली असतात. शेवट सुरुवातीच्या आधी. 'पण मी तर टाइमझोन लावला आहे' हे उत्तर इथे पुरत नाही. पायथनमध्ये दोन्ही वेळांना एकच टाइमझोन लावलेला असेल तर तुलना करताना तो टाइमझोन बघितलाच जात नाही, नुसतं घड्याळ बघितलं जातं. म्हणून इंटरव्हल बनवण्याआधी सगळ्या वेळा यूटीसीत करा, फोडाफोडी तिथेच करा, आणि स्थानिक वेळ फक्त दाखवण्यापुरती काढा.

केसाएवढे तुकडे

ऑडिओवर काम करणाऱ्यांना ही अडचण हमखास येते. वक्त्यांच्या नोंदी बऱ्याचदा आरटीटीएम फाइलमध्ये असतात, आणि तिच्यात सुरुवात आणि शेवट नसतो, सुरुवात आणि कालावधी असतो. शेवट आपण बेरीज करून काढतो. एक वक्ता ०.१ ला सुरू होऊन ०.२ सेकंद बोलला, दुसरा ०.३ ला सुरू झाला. कागदावर दोघे एकमेकांना नुसते टेकतात. पण दशांशाची बेरीज कॉम्प्युटर ०.३०००००००००००००००४ अशी करतो, आणि त्या शेवटच्या चारमुळे दोघं एकाच वेळी बोलल्याचा एक तुकडा तयार होतो. लांबीच्या बेरजेत तो दिसत नाही. दिसतो तो तुकड्यांच्या संख्येत: 'ओव्हरलॅपच्या जागा' अचानक शेकड्यांनी वाढतात, आणि ऐकायला गेलं तर तिथे काहीच नसतं.

यावर ठरावीक लांबीपेक्षा लहान तुकडे गाळून टाकायचा उपाय सुचवला जातो. मला तो पटत नाही. गाळलं की मध्ये फट पडते, बेरीज बिघडते, आणि खरोखरच छोटा असलेला हुंकारही जातो. मराठी बोलण्यात 'हं', 'बरं', 'हो ना' असे समोरच्याच्या बोलण्यावर पडणारे छोटे शब्द भरपूर असतात. ओव्हरलॅप शोधण्याचं अर्धं कारण तेच असतात. त्यापेक्षा सगळं मिलिसेकंदांत पूर्णांक करून घ्या. सुरुवात आणि शेवट वेगवेगळे गुणून, राउंड करून. नुसतं 'इंट' करू नका, कारण ते पुढचा भाग छाटून टाकतं: ०.२९ ला १०० ने गुणलं तर २८.९९९ च्या पुढे नऊच नऊ येत जातात आणि इंट त्याचे २८ करतं.

राउंड केल्यावर एखाद्या नोंदीची लांबी शून्य झाली तर ती पुन्हा नल इंटरव्हलच्या एररमध्ये सापडेल. ती हाताने बघा. मिलिसेकंदापेक्षा कमी बोलणं म्हणजे नोंदच चुकलेली.

एकाच माणसाचे उगाच तुकडे

अ च्या नावावर ० ते १० आणि ५ ते १२ अशा दोन नोंदी आहेत, कारण दोन वेगळ्या यादींतून त्या आल्या. फोडल्यावर ० ते ५, ५ ते १०, १० ते १२ असे तीन तुकडे पडतात आणि तिन्हींत फक्त अ. क्रमांक नोंदीचा ठेवला असेल तर मधल्या तुकड्यात अ दोनदा मोजला जातो. इथे लांबीची बेरीज जुळते, म्हणून ती तपासणी मदत करणार नाही. माणसाच्या नजरेने पाहिलं तरच हे कळतं.

माणूस महत्त्वाचा असेल तर प्रत्येक माणसाचा वेगळा ट्री करा, त्याच्यावर आधी मर्ज_ओव्हरलॅप्स चालवा, आणि मग सगळ्यांचे इंटरव्हल एकत्र करून फोडा. टेकलेले तुकडेही जोडायचे असतील तर 'स्ट्रिक्ट' हे फॉल्स करावं लागतं. एरवी नुसते टेकलेले इंटरव्हल ते जोडत नाही. बेरीज या पायरीनंतरच्या आकड्याशी ताडून पाहा, आधीच्या नव्हे.

दुसऱ्या लायब्रऱ्यांकडे वळणार असाल तर

प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे. जावातल्या ग्वाव्हाच्या रेंजमॅपमध्ये 'पुट' केलं की नवा इंटरव्हल जुन्याचा तेवढा भाग पुसून त्याच्या जागी बसतो. दोन्ही माहित्या एकत्र हव्या असतील तर 'मर्ज' वापरावं लागतं. सी प्लस प्लसमधल्या बूस्ट आयसीएलचा इंटरव्हल मॅप ओव्हरलॅपच्या जागी माहिती आपोआप एकत्र करतो, ते फार छान आहे. पण ज्याची किंमत शून्य तो खंड तो मुळात ठेवतच नाही. दर शून्य असलेला काळ आणि नोंदच नसलेला काळ यांत तुम्हाला फरक करायचा असेल तर ही गोष्ट आधीच माहीत हवी. आर भाषेत आयरेंजेसचं 'डिसजॉइन' थेट खंड पाडून देतं आणि कोणता खंड कोणत्या मूळ नोंदींतून आला याचा नकाशाही मागितला तर देतं. तिथे मात्र दोन्ही सीमा धरलेल्या असतात आणि मोजणी १ पासून. जनुकांच्या बेड फाइलमध्ये मोजणी ० पासून आणि शेवट न धरलेला. एकातून दुसरीकडे डेटा नेताना सुरुवात एकने सरकवायची राहिली की प्रत्येक नोंदीची सुरुवात एका घराने चुकते. पांडाजच्या इंटरव्हलइंडेक्समध्ये न सांगितल्यास उजवी सीमा धरलेली आणि डावी सोडलेली असते, म्हणजे इंटरव्हलट्रीच्या बरोबर उलट.

फार वेळ लागतो, मेमरी संपते

इंटरव्हल एकात एक बसलेले असतील, मोठ्याच्या पोटात लहान, त्याच्या पोटात आणखी लहान, तर स्प्लिट_ओव्हरलॅप्सचे तुकडे वर्गाने वाढतात. अशा १००० इंटरव्हलच्या २००० सीमा होतात. सगळ्यात आतल्याचा एक तुकडा, त्याच्या बाहेरच्याचे तीन, मग पाच, अशी विषम संख्यांची बेरीज चालते आणि ती भरते १०,००,०००. खंड मात्र १९९९च. म्हणजे दोन हजारांच्या आतल्या उत्तरासाठी आपण आधी दहा लाख वस्तू बनवतो आणि मग मर्ज_इक्वल्सने त्या पुन्हा एकत्र करतो.

अशा वेळी ट्री सोडा आणि सरळ सीमांवरून चालत जा. पंचवीसेक ओळींचं काम आहे. प्रत्येक इंटरव्हलच्या दोन घटना करा, 'आला' आणि 'गेला', आणि वेळेप्रमाणे सॉर्ट करा. एकाच वेळी दोन्ही प्रकारच्या घटना असतील तर 'गेला' आधी घ्या, म्हणजे नुसते टेकलेले इंटरव्हल एकत्र आहेत असं दिसणार नाही. सध्या कोण कोण आत आहे याचा एक सेट जवळ ठेवा. पुढच्या घटनेची वेळ आधीच्यापेक्षा वेगळी असेल आणि सेट रिकामा नसेल, तर आधीच्या वेळेपासून या वेळेपर्यंतचा खंड नोंदवा, आणि मग घटनेप्रमाणे सेट बदला.

वेळ वेगळी आहे का हे पाहायला विसरलं तर शून्य लांबीचे खंड येतात. सेट रिकामा आहे का हे पाहायला विसरलं तर मधल्या फटीही खंड म्हणून येतात, माणूस एकही नसलेल्या. पोस्टग्रेसमध्ये सगळ्या सीमा गोळा करून 'लीड'ने पुढची सीमा शेजारी आणतात, तिथेही अशाच फटी येतात. मूळ टेबलशी पुन्हा जॉइन करून त्या काढाव्या लागतात.

खंड नोंदवताना तो सेट जसाच्या तसा यादीत टाकू नका. यादीतल्या सगळ्या खंडांना तोच एक सेट चिकटतो, आणि शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर तो रिकामा होतो. सीमा सगळ्या बरोबर आणि प्रत्येक खंडात माणसं शून्य, असं दिसलं तर दुसरीकडे शोधू नका, हेच कारण आहे. नोंदवतानाच त्याचा फ्रोझनसेट (नंतर बदलता न येणारा सेट) करा.